आधी पंच, मग कट

साकीनाक्याच्या किंवा मरोळच्या एखाद्या गाळ्यात स्टेनलेस स्टीलच्या दोन सळया शेजारी शेजारी ठेवा, एक ३०४ आणि दुसरी ३१६. उभा जन्म लेथवर काढलेला टर्नरही नुसतं बघून कोणती कुठली ते छातीठोकपणे सांगणार नाही. चमक तीच, वजन जवळपास तेच आणि लोहचुंबकही दोघींकडे सारखीच पाठ फिरवतो. फरक आहे तो ३१६ मधल्या २ ते ३ टक्के मॉलिब्डेनमचा. खाऱ्या पाण्याच्या पंपात ३१६ ऐवजी ३०४ चा शाफ्ट बसला, तर पाण्यातले क्लोराइड त्याला टोचून टोचून बारीक खड्डे पाडतात, आणि ते दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

म्हणून पोलादाची ओळख डोळ्यांवर सोडत नाहीत. भट्टीतून एका वेळी निघालेल्या घाण्याला एक क्रमांक मिळतो, तो हीट नंबर. त्याच घाण्याचा नमुना तपासून त्यात कार्बन किती, क्रोमियम किती, किती ताण दिल्यावर तो तुटला, हे सगळं एका कागदावर येतं. वर्कशॉपात त्याला ‘टीसी’ म्हणतात. लोकलमधल्या टीसीशी याचा संबंध नाही, पण ‘टीसी दाखवा’ म्हटल्यावर उडणारी धांदल मात्र सारखीच. टीसीवरचा नंबर आणि धातूवर ठोकलेला नंबर जुळला, तरच माल खरा धरायचा.

सामान्य वाचकाच्या हाती येणारी अशी खूण म्हणजे सोन्यावरची. ती खूण ज्यांच्या नियमांनी उमटते त्या भारतीय मानक ब्यूरोचं पश्चिम विभागीय कार्यालय, ‘मानकालय’, अंधेरीच्या मरोळ एमआयडीसीतच आहे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचे दागिने सहा अक्षर-अंकी एचयूआयडी असल्याशिवाय विकता येत नाहीत. तो क्रमांक ब्यूरोच्या अॅपमध्ये टाकला की दागिना कोणत्या सराफाचा आणि किती शुद्धतेचा ते कळतं. पण सोनाराचं काम तुलनेनं सोपं म्हणायला हवं. दागिना घडून झाला की खूण उमटते आणि तिथेच राहते. पोलादाची खूण आधी असते, वस्तू नंतर घडते, आणि घडताना प्रत्येक मशीन ती खूण पुसायला बसलेलं असतं.

सळई गिरण्यांतून खेतवाडी, सी. पी. टँकच्या बाजारात येते. तिथले स्टेनलेस आणि फ्लँजचे व्यापारी ती हव्या त्या लांबीत कापून देतात. अनेकदा नंबर असतो फक्त एका टोकाला. ते टोक एका गिऱ्हाइकाकडे जातं आणि बाकीची सळई बेवारस होते. टीसीची झेरॉक्स मात्र प्रत्येकाला मिळते! कागद भरपूर, पण तो नक्की कोणत्या तुकड्याचा, हे छाती ठोकून सांगणारं कोणी नाही.

चांगल्या वर्कशॉपचा नियम म्हणून साधा आहे: आधी पंच, मग कट. कापण्यापूर्वी नंबर दोन्ही भागांवर उतरवायचा, आणि शक्यतो बिननंबरी टोकाकडून कापत जायचं. बॉयलर आणि प्रेशर व्हेसल बनवणाऱ्यांसाठी अमेरिकन एएसएमईचा कोडही साधारण हेच सांगतो: कापण्याआधी मूळ खुणा तंतोतंत उतरवा, नाहीतर प्रत्येक तुकडा ओळखता येईल अशी तुमची स्वतःची सांकेतिक खूण तरी ठरवा. मोठ्या कामात ही नक्कल इन्स्पेक्टरच्या डोळ्यांदेखत होते आणि शेजारी त्याचाही शिक्का बसतो.

पुढचे तपशील कुणी पुस्तकात वाचून शिकत नाही. टर्नरने वरचा थर उतरवला की नंबर चिपांबरोबर खाली पडतो, म्हणून त्याआधी तो दुसऱ्या जागी घ्यायचा. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत रंग जळतो, म्हणून तिथे तारेने बांधलेला धातूचा बिल्ला. टोकदार पंचाच्या खाचेतून पुढे तडा जाऊ शकतो, म्हणून जास्त ताणाच्या भागांवर बोथट टोकाचे, ठिपक्यांचे पंच. पातळ पत्र्यावर तेही नको, नुसती शाई. आणि स्टेनलेसवर ती शाईसुद्धा क्लोराइड नसलेली हवी.

या सगळ्याचं भव्य रूप आपल्याच उपनगरांत आहे. १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ घेऊन उडालेल्या रॉकेटच्या बूस्टरचे ३.२ मीटर व्यासाचे भाग लार्सन अँड टुब्रोच्या पवईच्या कारखान्यात घडले, आणि त्याची विकास इंजिनं गोदरेजच्या विक्रोळीत. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या किती जणांना हे ठाऊक असेल!

रॉकेटवरून आठवतं, माग काढण्याची पद्धत टीसीइतकीच प्रामाणिक असते. नासाचे दोन उपग्रह, २००९ मध्ये ओसीओ आणि २०११ मध्ये ग्लोरी, एकाच तऱ्हेने बुडाले: टॉरस एक्सएल रॉकेटच्या टोकावरचं कवच सुटलंच नाही. २०१९ मध्ये नासाने सांगितलं की अॅल्युमिनियमचे भाग पुरवणाऱ्या सापा प्रोफाइल्स या कंपनीने तपासणीचे आकडे १९ वर्षं खोटे लिहिले होते. नासाचं नुकसान ७० कोटी डॉलरहून अधिक, कंपनीने ४.६ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. क्रमांक कितीही काटेकोर जुळवले, तरी पहिल्याच कागदावरचं खोटं त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत सहीसलामत पोचतं.

मग आता हातात धरायची एक्स-रे गन आली आहे, पंच कशाला? गन काही सेकंदांत निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम सांगते. ३०४ आणि ३१६ ची फसवणूक ती लगेच पकडते. पण कार्बन तिला दिसत नाही. आणि ३०४ व ३०४एल यांत महत्त्वाचा फरक कार्बनचाच: ‘एल’मध्ये तो ०.०३ टक्क्यांच्या वर चालत नाही. कार्बन जास्त असला की वेल्डिंगच्या उष्णतेत तो शेजारचं क्रोमियम खेचून घेतो आणि वेल्डच्या कडेनेच गंज आत शिरतो. कार्बन मोजायला सहसा ठिणगी पाडून मोजणारं यंत्र लागतं, आणि छोट्या गाळ्याला ते परवडत नाही. गाळेवाला नमुना बाहेरच्या लॅबला पाठवतो, किंवा पाठवत नाही.

माझं मत विचाराल, तर ऑडिटरने फाइल नंतर मागावी. आधी उरलेल्या तुकड्यांचा रॅक बघावा. फाइल आदल्या रात्री बसून तयार होते. रॅकवरच्या चार बोटांच्या तुकड्यावर नंबर आहे की नाही, हे आदल्या रात्री ठरत नाही. बिननंबरी तुकडा लाल रंग लावून वेगळा ठेवलेला दिसला, तर तो गाळा विश्वासाचा. ‘३१६च असेल’ म्हणून तो पुढच्या जॉबला वापरला जात असेल, तर भिंतीवरचं आयएसओचं सर्टिफिकेट काढून ठेवलेलं बरं.

तरी दोष एकट्या गाळेवाल्याचा नाही. टर्नर नगावर पैसे घेतो; पंच मारायला हात थांबला तेवढी त्याची मजुरी गेली. मोठ्या कंपनीच्या परचेस ऑर्डरमध्ये मालाचा दर असतो, मशीनिंगचा असतो, पॅकिंगचाही असतो. नंबर उतरवण्याचा दर लावलेली ऑर्डर मी तरी अजून पाहिलेली नाही.