जुन्या जीपचे शॉकअप बदलताना

मंडळी, आपल्याकडे कितीतरी गावांत एखादी जुनी जीप अजून उभी असते. कुणाच्या वाड्यासमोर, कुणाच्या गोठ्याशेजारी. १९४७ नंतरच्या वर्षांत मुंबईला माझगावात विलीज जीपची जुळणी सुरू झाली आणि पुढे ही गाडी शेताच्या बांधापर्यंत पोहोचली. तिच्या चारही चाकांना पोलादी पाटे, आणि पाट्यांच्या जोडीला चार शॉक अॅब्सॉर्बर. गॅरेजात त्यांना ‘शॉकअप’ म्हणतात. आपणही तेच म्हणू, तोंडाला सोपे. अशी जीप पुन्हा रस्त्यावर काढायची तर बहुधा हे शॉकअप बदलावे लागतात, आणि नेमका तिथे माणूस फसतो. मी फसलो आहे, म्हणून सांगतो.

आमच्या घरी १९६८ ची जीप आहे. शॉकअप गळू लागले तेव्हा एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, “साहेब, हे घ्या. जड गाडीचे आहेत, जाडजूड. गाडी जागची हलायची नाही.” मला ते पटले. घरी येताना गाडी हलेनाही! पण पुढे एकदा मुरमाच्या रस्त्यावर रिकाम्या जीपने वळण घेतले, तो मागची बाजू टणाटण उडत बाहेर सरकली. शेजारी पुतणी बसलेली. चाक बांधाला टेकले म्हणून थांबलो. आणखी आठ दिवसांनी ओढा उतरताना एक चाक खाली लोंबकळले आणि शॉकअपची खालची पकडच उपटून आली. पहिली चूक ताठपणाची होती, दुसरी लांबीची.

आता मूळ गोष्ट ध्यानात घ्या. गाडीचे ओझे शॉकअप उचलत नाही, पाटा उचलतो. खड्ड्यात दबलेला पाटा परत उसळतो, पुन्हा दबतो, झोपाळ्यासारखा झोके घेत राहतो. तो झोका मारणे एवढेच शॉकअपचे काम. आत तेल असते, तेलातून दट्ट्या फिरतो, आणि दट्ट्याच्या बारीक भोकांतून तेलाला वाट काढावी लागते. या ओढाताणीत झोक्याचा जोर उष्णता होऊन निघून जातो. म्हणून खराब रस्त्यावरून आल्यावर चांगला शॉकअप हाताला कोमट लागतो. तीन कोमट आणि एक थंडगार, तर तो थंडगार बसला आहे असे खुशाल समजा.

गुरुजींनी हे वर्गात दाखवावे. सायकलच्या ट्यूबची पातळ पट्टी कापा, तिला दगड बांधून लोंबत सोडा आणि खाली ओढून सोडून द्या. दगड किती वेळ खालीवर नाचतो ते मुलांना मोजू द्या. मग तोच दगड पाण्याच्या बादलीत बुडवून तसेच करा. मुलांना आणखी काही सांगावे लागणार नाही.

तर निवड करताना ताठपणा किती? मूळ गाडीला होता तेवढा. पाट्याची पाने एकमेकांवर घासतात, त्यानेही थोडा झोका मरतो. वर दणकट शॉकअप लावला की हलकी गाडी खडीवर उड्या मारते. चाक जमिनीवरून सुटले की ब्रेक कशाला धरणार, आणि स्टिअरिंग तरी काय करणार? गाडी मागून बसली असेल तर दोष पाट्याचा असतो. आधी तुटके पान आणि शॅकलचे झिजलेले बुश पाहा. शॉकअप जाड घेऊन बसलेली गाडी उठत नाही.

लांबी मात्र स्वतः टेप लावून मोजा. सपाट जागी, नेहमीचे ओझे ठेवून, वरच्या बोल्टाच्या मध्यापासून खालच्याच्या मध्यापर्यंत. समजा साडेचौदा इंच भरले. एक्सल वर येऊन चासीखालच्या रबरी ठोकळ्याला टेकायला अडीच इंच जागा आहे. म्हणजे सर्वांत कमी अंतर बारा इंच. मग जुना शॉकअप काढा, चासीला जॅक आणि भक्कम घोड्या लावून चाके लोंबू द्या. समजा साडेसतरा आले. तर नवा शॉकअप मिटल्यावर बाराहून आखूड आणि उघडल्यावर साडेसतराहून लांब हवा. दोन्हीकडे अर्धा इंच सवड ठेवा. माझा शॉकअप सोळालाच संपत होता, मग पकड उपटेल नाही तर काय!

गॅसचा घ्यावा का, असे पुष्कळजण विचारतात. दुहेरी नळीच्या शॉकअपात कमी दाबाचा गॅस असेल तर तेलाला फेस येत नाही. खराब रस्त्याला ते चांगलेच. एकेरी नळीचा, जास्त दाबाच्या गॅसचा प्रकार मात्र दांडा सतत बाहेर ढकलत असतो. साध्या जुन्या जीपला तो मी लावणार नाही. आणि बदलायचे ते जोडीने, पुढचे दोन किंवा मागचे दोन. एक नवा, एक जुना, असे कधी करू नका.

कुणाकडे जीपऐवजी जुनी मॉरिस मायनर असेल तर एक सावधगिरी. तिच्या पुढच्या चाकांना हातासारखी दांडी असलेला शॉकअप असतो आणि ती दांडीच चाकाचा वरचा आधार असते. तो फेकून नळीचा बसवता येत नाही. जाणत्या कारागिराकडून दुरुस्तच करून घ्यावा लागतो.

दुकानात नवा शॉकअप हाती घेतला की दाबताना हलका आणि ओढताना जड लागेल. तो बिघाड नव्हे. उसळणाऱ्या पाट्याला रोखायलाच जास्त जोर लागतो. दुहेरी नळीचा असेल तर बसवण्यापूर्वी उभा धरून पाच-सात वेळा पूर्ण दाबा-ओढा, म्हणजे आतली हवा वर निघून जाते. रबरी बुशांचे नट चाके लोंबत असताना आवळू नका. गाडी जमिनीवर टेकवा, ओझे पडू द्या, मगच आवळा. नाहीतर रबर पिळलेलेच राहते आणि लवकर फाटते. शेवटी बंपरवर जोर देऊन गाडी दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन थोडी खाली बसली की ती थांबली पाहिजे. पन्नासेक किलोमीटर चालवून आलात की नटांना पुन्हा एकदा पाना लावा.