खोक्यावरचा आकडा आणि भिंतीतली वायर

विजेच्या वायरमधून इंटरनेट न्यायचं म्हणजे जिवाशी खेळ, अशी धास्ती अनेकांना वाटते. ती अनाठायी आहे. घरातली 230 व्होल्टची वीज सेकंदाला 50 आवर्तनं घेते. हे काम करणारा पॉवरलाइन ॲडाप्टर त्याच वायरवर ज्या लहरी सोडतो, त्यांची आवर्तनं सेकंदाला साधारण 20 लाखांपासून काही कोटींपर्यंत असतात. ॲडाप्टरमधला कपॅसिटर आणि छोटा ट्रान्सफॉर्मर मुख्य वीज अडवतात आणि या वरच्या लहरी तेवढ्या जाऊ देतात, म्हणून लॅन केबलच्या टोकाला शॉक पोहोचत नाही. कल्पनाही नवी नाही. उच्चदाबाच्या वाहिन्यांवरून उपकेंद्रं याच तत्त्वाने एकमेकांना संदेश देत आली आहेत. वाहिनीच्या टोकाशी टांगलेली पिंपासारखी मोठी गुंडाळी, वेव्ह ट्रॅप, ही त्या लहरी उपकेंद्राच्या यंत्रांत शिरू नयेत म्हणूनच असते.

ग्राहक फसतो तो दुसरीकडेच, वेगाच्या आकड्यात. ॲडाप्टरच्या खोक्यावर 600 किंवा 1200 एमबीपीएस छापलेलं असतं आणि घेणारा तेवढा वेग मिळेल असं धरून चालतो. हा आकडा म्हणजे उत्तम वायरवर गाठता येणारा कच्चा वेग. त्यातला मोठा भाग चुका दुरुस्त करण्यात आणि नियंत्रणाच्या देवाणघेवाणीत खर्च होतो. शिवाय वायर सगळ्यांची सामाईक असल्याने एका वेळी एकच ॲडाप्टर बोलतो, बाकीचे थांबतात. 2005 मध्ये आलेल्या होमप्लग एव्ही मानकाचा जाहीर वेग 200 एमबीपीएस होता. घराघरांत हाती पडे तो सहसा निम्म्याहून कमी. आणि 600 लिहिलेल्या कित्येक ॲडाप्टरांचं लॅन पोर्ट मुळात 100 एमबीपीएसचंच असतं, म्हणजे वायर कितीही चांगली असली तरी त्यापलीकडे जाणं अशक्य. ही माहिती बारीक अक्षरांत ठेवणं मला ग्राहकावर अन्याय वाटतो, कारण निर्णय त्याच आकड्यावर होतो.

खरा वेग ठरवते ती भिंतीतली वायर, आणि ‘कोणत्याही सॉकेटला लावा, चालेल’ हा समज इथेच कोसळतो. स्पाइक गार्डमधला फिल्टर उच्च आवर्तनांना गोंगाट समजून गिळतो, म्हणून ॲडाप्टर थेट भिंतीवरच्या सॉकेटलाच लावावा. मोबाइलचा स्वस्त चार्जर, एलईडी दिव्याचा ड्रायव्हर आणि मिक्सर याच उच्च आवर्तनांच्या पट्ट्यात खरखर मिसळतात. दुपारी सुरळीत चालणारी ॲडाप्टरांची जोडी संध्याकाळी अडखळते ती त्यामुळे. थ्री-फेज घरात दोन खोल्या वेगवेगळ्या फेजवर असतील, तर संदेश शेजारच्या वायरींतून झिरपत जातो आणि क्षीण होतो. होमप्लग एव्हीच्या पुढच्या एव्ही-2 प्रकारातले वरच्या श्रेणीचे ॲडाप्टर फेज आणि न्यूट्रलच्या जोडीला अर्थिंगची वायरही वापरतात. जुन्या इमारतीत अर्थिंग नावापुरतं असेल, तर जास्तीचे पैसे मोजून घेतलेला तो फायदा मिळतच नाही.

यावर आक्षेप येतो की मग मेश वाय-फाय का घेऊ नये? अनेक घरांत तेच बरं. लॅन केबल टाकता येत असेल तर ती या दोन्हींहून सरस, याबद्दल दुमत नसावं. पण वाय-फायच्या 5 गिगाहर्ट्‌झच्या लहरी जाड दगडी भिंतीत आणि आरसीसीच्या स्लॅबमध्ये लवकर दमतात, आणि भाड्याच्या घरात भिंत फोडू देत नाहीत. अशा ठिकाणी आधीच पुरलेली वायर कामी येते. विजेच्या बिलाची काळजी फारशी नको: 3 वॅटचा ॲडाप्टर महिनाभर अखंड चालला तरी सुमारे 2 युनिट जळतात. काळजी करावी ती खासगीपणाची. संदेश मीटरपाशी थांबतो हा भरवसा खोटा आहे. क्षीण होऊन का होईना, तो शेजारच्या फ्लॅटपर्यंत जाऊ शकतो. एव्ही मानकात 128 बिटांचं एईएस कूटीकरण आहे, पण कारखान्यातून येणारा पासवर्ड सगळ्यांचा सारखाच असू शकतो. म्हणून सॉकेटमध्ये खोचल्यावर दोन्ही ॲडाप्टरांवरचं ‘पेअर’ बटण एकापाठोपाठ दाबायचं, म्हणजे त्या जोडीची किल्ली वेगळी होते.