न लावता उगवलं, ते कोण?

मृगाच्या सरी पडून गेल्या की यवतमाळ जिल्ह्यात घरोघरच्या परसबागेत बिनबोलावलेले पाहुणे येतात. मेथीच्या वाफ्यात मेथीसारखंच दिसणारं काहीतरी उगवतं, जास्वंदाच्या कुंडीत जास्वंदापेक्षा जोमानं दुसरंच काही वाढतं. अशा वेळी हात लगेच मोबाइलकडे जातो. पण फोटो काढण्याआधी एक प्रश्न विचारला, तर निम्मी ओळख तिथेच पटते: हे आलं कोणत्या वाटेनं?

भिंतीच्या फटीत किंवा विजेच्या तारेखाली उगवलं असेल, तर बी बहुधा पाखरांनी टाकलेलं असतं. पिंपळ, कडुनिंब, टणटणी यांचा संशय आधी घ्यावा. लेंडीखत घातलेल्या वाफ्यात बाभूळ निघते, कारण शेळ्या शेंगा खातात आणि टणक बिया पोटातून तशाच बाहेर पडतात. भाजीचा कचरा पुरला तिथे टोमॅटो आणि पपई हमखास. एकदांडीचं बी वाऱ्यावर येतं, तर आघाडा धोतराला, लुगड्याला, कुत्र्याच्या केसांना चिकटून. नर्सरीतल्या रोपाच्या पिशवीतून मात्र परमुलखाचं काहीही येऊ शकतं.

आणखी एक वाट दिसत नाही, ती म्हणजे जमीन स्वतः. कित्येक बिया मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात आणि कुदळीनं उजेडात आणल्या की रुजतात. १८७९ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम बील यांनी तणांच्या बिया वाळूत मिसळून बाटल्यांत पुरल्या. त्यांतली एक बाटली २०२१ मध्ये उकरली, तेव्हाही काही बियांना कोंब फुटले. त्यामुळे नवी बाग खणल्यावर कधी न पाहिलेलं रोप आलं, तर नवल नाही.

वाट कळली की रोपाकडे नीट पाहायचं. पहिली दोन पानं बीजदलांची असतात, त्यांवरून फारसं कळत नाही. खरी चार-पाच पानं येऊ द्यावीत. मग पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, खोड गोल की चौकोनी, तोडल्यावर चीक येतो का, चुरगाळल्यावर वास कसला, हे तपासावं. चौकोनी खोड, समोरासमोर पानं आणि उग्र वास असेल, तर तुळशीच्या गोतातलं असण्याची शक्यता मोठी. पांढरा चीक असलेलं, जमिनीलगत पसरणारं रोप बऱ्याचदा दुधी नावाचं तण निघतं.

पानातल्या छोट्या पानांची, म्हणजे पर्णिकांची, मोजदादही कामाची. मेथीला तीन, भुईमुगाला चार, तरोट्याला सहा. तरोट्याची कोवळी भाजी विदर्भात आवडीनं खातात. पण त्याचाच भाऊबंद असलेला कासविंदा अंगणातही येतो. त्याच्या पर्णिकांच्या चार-पाच जोड्या असतात आणि टोकं अणकुचीदार असतात. तरोट्याच्या पर्णिका टोकाला गोलसर. तरोट्याची शेंग बारीक, लांब, वाकडी, कासविंद्याची चपटी. हा फरक जिवावरचा आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांचा जो जीवघेणा आजार वर्षानुवर्षं मेंदूज्वर समजला गेला, त्याचं मूळ कासविंद्याच्या बिया खाण्यात असल्याचं डॉक्टरांनी दाखवून दिलं. मोबाइलमधलं ॲप फोटो जुळवून अंदाज सांगतं; कोवळ्या रोपाच्या बाबतीत ते सहज चुकतं. त्याच्या भरवशावर काहीही शिजवू नये. निंदणाला जाणाऱ्या बाईला रोप दाखवावं. वावरात रोज हाताळलेलं पान ती लांबूनही ओळखते.

गाजर गवताच्या बाबतीत फुलांची वाट पाहू नये. कोवळेपणी ते शेवंतीसारखं दिसतं, म्हणून कुणी हौसेनं पाणीही घालतं. १९५० च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलेलं हे परदेशी तण पुढे देशभर पसरलं. एकेक झाड हजारो बिया टाकतं आणि त्याच्या स्पर्शानं अनेकांच्या अंगाला खाज सुटते. हातमोजे घालून, फुलण्याआधीच ते मुळासकट काढावं. केन्याची तऱ्हा वेगळी. त्याला जमिनीखालीही फुलं येऊन बी धरतं, शिवाय तुटलेल्या कांडीला पुन्हा मुळं फुटतात. म्हणून वरवर खुडून भागत नाही. पिंपळ भिंतीत मूळ रोवण्याआधी काढलेला बरा. आघाडा मात्र ठेवावा. भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या पूजेला तोच शोधत फिरावं लागतं.

इतकं करूनही नाव सापडलं नाही, तर आधार आहे. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा जुना ग्रंथ वऱ्हाडापर्यंत पोचत नाही, कारण वऱ्हाड त्या इलाख्यात नव्हतं. पण भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेनं १९९३ मध्ये खास यवतमाळ जिल्ह्याच्या वनस्पतींवर एस. कार्तिकेयन आणि आनंद कुमार यांचा इंग्रजी ग्रंथ काढला. अनोळखी रोप वेगळ्या कुंडीत फुलेपर्यंत वाढवावं. फूल आणि शक्य तर फळ असलेली एक फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवावी, सोबत तारीख, गाव आणि रोप कुठं उगवलं ते लिहावं आणि जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात न्यावी. असे ग्रंथही अशाच वाळवलेल्या, तारीख घातलेल्या फांद्यांच्या आधारे लिहिले जातात.