पावले मोजावीत, पण थांबण्यासाठी

‘रोज दहा हजार पावले चाला’ हा सल्ला आपण नेहमी ऐकतो. हा आकडा १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. तो सर्वांना सारखा लागू नाही.

मला दीर्घ थकव्याचा आजार आहे. यात झेपेल त्याहून अधिक श्रम झाले, की त्रास पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उसळतो. म्हणून मनगटावरचा पट्टा मी थांबण्यासाठी वापरते. विश्रांतीच्या वेळचे नाडीचे ठोके आठवडाभर पाहून सरासरी काढावी; त्याहून १५ ठोके अधिक ही ढोबळ मर्यादा. माझी सरासरी ७०, म्हणून मर्यादा ८५. भाकरी थापताना ठोके त्यापुढे गेले, की मी बसून घेते. निलंग्यात नीळकंठेश्वराच्या दर्शनाला जायचे असेल, त्या दिवशी धुणे काढीत नाही. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्याचा थकवा घरच्यांना आळस वाटतो. आकडा दाखवला की पटते.

ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनेही २०२१ मध्ये या रुग्णांना टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढविण्याचा सल्ला मागे घेतला. मधुमेहात मात्र चालणे हितावहच. तेव्हा वाचकहो, आपला आजार कोणता, हे आधी डॉक्टरांकडून जाणून घ्यावे. पट्टा केवळ अंदाज देतो. शरीराची तक्रार प्रथम ऐकावी.