तंजावरच्या राजाचं विद्युतयंत्र आणि फुगलेला कपॅसिटर

तंजावरच्या सरफोजी राजांनी (दुसरे, कारकीर्द 1798 ते 1832) पोथ्या जमवल्या हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या संग्रहात हवा उपसणारा पंप आणि घर्षणाने वीज निर्माण करणारं यंत्रही होतं. अशी वीज साठवायला त्या काळी लेडन बरणी वापरत. काचेच्या बरणीला आतून-बाहेरून धातूचा पत्रा, मध्ये काच. 1745-46 मध्ये युरोपात सापडलेली ही बरणी म्हणजे जगातला पहिला कपॅसिटर.

जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवर प्रोसेसरशेजारी बोटाच्या पेराएवढ्या ज्या डब्या उभ्या असतात, त्या याच बरणीच्या वंशातल्या. पत्र्याऐवजी ॲल्युमिनियमची पट्टी, काचेऐवजी तिच्यावरचा ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आणि सोबत द्रावात भिजवलेला कागद, सगळं गुंडाळून डबीत बसवलेलं. बोर्डचं दुखणं बहुतेकदा या द्रावातच असतं. 2000 च्या आसपासच्या असंख्य बोर्डांवर सदोष द्रावाचे कपॅसिटर बसले. त्यातल्या पाण्याची ॲल्युमिनियमशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन साचतो आणि डबी फुगते. ती फुटू नये म्हणून तिच्या डोक्यावर मुद्दाम खाचा पाडलेल्या असतात.

माझ्या 2003 च्या बोर्डवर असे सहा होते. चौघांची डोकी वर आलेली, एकाच्या खाचेत तपकिरी खरपुडी. संगणक तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला सुरू व्हायचा. बाकी बोर्ड ठणठणीत होता.

बदलताना क्षमता तीच ठेवावी, व्होल्ट तेवढेच किंवा थोडे जास्त चालतात, आणि अंतर्गत रोध कमी असलेला, 105 अंश सेल्सिअसपर्यंत चालणाराच कपॅसिटर घ्यावा. तापमान दहा अंशांनी उतरलं की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. तंजावरच्या मे महिन्यात बंद कॅबिनेटमध्ये हा हिशोब फार महत्त्वाचा ठरतो. डबीवरची पट्टी ऋण टोकाची असते. जुना काढण्याआधी त्याची दिशा कागदावर उतरवून घ्या, कारण बोर्डवरच्या खुणा सगळीकडे सारख्या नसतात. आणि घाई नको! बोर्डच्या पोटातला तांब्याचा थर उष्णता शोषून घेतो, सोल्डर वितळत नाही, आपण ओढतो आणि छिद्राचं अस्तर उचकटून येतं. जुन्या सोल्डरवर आधी थोडं नवं सोल्डर द्यावं, मग एकेक पाय तापवत डबी हलकेच डुलवत काढावी.

पॉवर सप्लायची पेटी मात्र उघडू नका. तिच्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर प्लग काढल्यावरही तीनशेहून अधिक व्होल्ट शिल्लक असू शकतात. लेडनच्या म्युशेनब्रुक या शास्त्रज्ञाला बरणीचा झटका बसला, तेव्हा फ्रान्सचं राज्य मिळालं तरी पुन्हा नको, असं त्यानं कळवलं होतं.

घरातला जुना संगणक भंगारात देण्याआधी मात्र कॅबिनेटचं झाकण काढून त्या डब्यांची डोकी एकदा पाहा.