स्मृतीचा वेग वाढवताना

सुटीत घरचा संगणक उघडून बसलेल्या अकरावीतल्या एका मुलाने विचारले, "सर, रॅमच्या खोक्यावर ३६०० लिहिलंय आणि संगणक २१३३च दाखवतो. वेग वाढवला तर बिघडेल का?" प्रश्न एका ओळीचा, उत्तराला मात्र फळा लागला.

रॅममधील एक बिट म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म कपॅसिटर. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना या रचनेचे पेटंट १९६८ साली मिळाले. कपॅसिटर भारित असेल तर १, रिकामा असेल तर ०. हे मडके पाझरते, म्हणून सर्वसाधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक बिट वाचून पुन्हा भरावा लागतो.

वाचताना आधी एक आडवी ओळ उघडते. कपॅसिटरमधला चिमूटभर विद्युतभार लांबलचक तारेवर पसरतो आणि तारेचा दाब किंचित वर किंवा खाली सरकतो. तो फरक ओळखून वाढवणारे परिपथ टोकाशी बसलेले असते. ते निर्णय देते, मग त्या ओळीतला हवा तो स्तंभ निवडला जातो. या प्रत्येक पायरीला ठरावीक वेळ लागतो आणि आपण घाई केली म्हणून तो कमी होत नाही.

आता आकडेमोड करू. 'डीडीआर४-३२००' या स्मृतीचे घड्याळ सेकंदाला १६० कोटी ठोके देते. प्रत्येक ठोक्यात दोनदा माहिती जाते, म्हणून ३२००. एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा. स्तंभ मागितल्यापासून माहिती येईपर्यंत १६ ठोके थांबायचे असतील (यालाच 'सीएल १६' म्हणतात) तर थांबा झाला १० नॅनोसेकंद. वेग ३६०० केला की ठोका सुमारे ०.५५६ नॅनोसेकंदाचा होतो. १६ ठोके तसेच ठेवले तर थांबा ८.९ नॅनोसेकंदांवर येतो आणि परिपथाचा निर्णय होण्याआधीच आपण उत्तर मागू लागतो. १८ ठोके दिले की पुन्हा बरोबर १० नॅनोसेकंद! म्हणजे पहिल्या बाइटसाठीची वाट तेवढीच राहिली. त्यानंतरचा ओघ मात्र सेकंदाला २५.६ वरून २८.८ गिगाबाइट झाला. जाहिरातीतला मोठा आकडा पाहताना विद्यार्थ्यांना हा भागाकार जरूर करायला लावावा.

थांबा खरोखरच कमी करायचा असेल तर विद्युतदाब वाढवतात. ट्रान्झिस्टर जोमाने चालू-बंद होतात, चुकीला थोडा अवकाश मिळतो. डीडीआर४चा प्रमाणित दाब १.२ व्होल्ट, वेगवान पट्ट्या बहुधा १.३५ व्होल्टवर चालवतात. वाढ दिसायला साडेबारा टक्के, पण वेग तोच ठेवला तरी खर्च होणारी शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे २७ टक्क्यांनी वाढते. शक्ती म्हणजे उष्णता, आणि उष्णतेने मडके अधिक पाझरते. ८५ अंश सेल्सिअसच्या वर तर ते दुप्पट वेळा भरावे लागते. ज्या स्थैर्यासाठी दाब वाढवला, तेच असे निसटू शकते.

संगणक सुरूच झाला नाही तर बरे, निदान कळते तरी. खरी पंचाईत मुकाट्याने होणाऱ्या चुकीची. '६' हे अक्षर संगणक ००११०११० असे लिहितो आणि '२' हे ००११००१०. यांत फरक एकाच बिटाचा. गुणपत्रकातले ६४ असेच २४ होतील, फाइल जपली जाईल आणि पडद्यावर काहीही तक्रार उमटणार नाही. सर्व्हरमध्ये अशी एका बिटाची चूक दुरुस्त करण्यासाठी जादा बिट ठेवतात. घरगुती संगणकात सहसा ती सोय नसते.

त्या मुलाला मी सांगितले, आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढ. मग पट्टीवर निर्मात्यानेच नोंदवलेली ३६००ची मांडणी निवड आणि 'मेमटेस्ट' रात्रभर चालव. एक जरी चूक दिसली तर एक पायरी खाली ये. एका वेळी एकच गोष्ट बदल, वहीत लिहून ठेव. संगणक उठलाच नाही, तर वीज बंद करून मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी काही मिनिटे काढून ठेव; बहुतेक संगणक मग मूळ मांडणीवर परत येतात.