वीस वर्षांनी पगार खरंच बरोबरीला येतो का?

हापूसच्या बागांत आणि मिरकरवाड्याच्या बोटींवर नेपाळी माणसं राबताना तुम्ही बघताच. 1950च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही. अशा बाहेरून आलेल्या माणसाची कमाई इथल्या माणसाच्या बरोबरीला कधी येते, हा प्रश्न वर्गात घेण्याजोगा आहे.

सुरुवातीला ती कमी का, हे मुलं स्वतःच सांगतील. भाषा येत नाही, ओळख नाही, गावी शिकलेलं काम इथे उपयोगी पडेलच असं नाही. शिवाय ‘बाहेरचा’ म्हणून कमी मजुरी टेकवणारेही असतात.

पुढचं मात्र अवघड आहे. अमेरिकेच्या 1970च्या जनगणनेवरून बॅरी चिसविक यांनी 1978 मध्ये मांडलं, की स्थलांतरित 10-15 वर्षांत स्थानिकांना गाठतात आणि मग पुढेही जातात. 1985 मध्ये जॉर्ज बोर्हास (हे स्वतः क्यूबातून आलेले) यांनी त्यावर हरकत घेतली. समजा, आपण एकाच दिवशी पाचवीच्या आणि दहावीच्या मुलांचं वाचन घेतलं आणि म्हटलं, ‘बघा, पाच वर्षांत केवढी प्रगती!’ पण ती मुलं वेगळी ना? तसंच, 1970 मध्ये तिथे वीस वर्षं राहिलेला आणि नुकता आलेला, हे वेगळ्या देशांतून, वेगळं शिक्षण घेऊन आलेले होते. बोर्हास यांनी 1970 आणि 1980 अशा दोन जनगणना घेऊन त्याच तुकडीचा माग काढला. वाढ बरीच मंद निघाली.

आणखी एक गोष्ट राहते, ती म्हणजे परत गेलेले. आपल्याकडून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्यांपैकी कितीतरी जण बदली कामगार होते, रोज सकाळी गेटवर जाऊन काम मिळतंय का बघणारे. ज्यांचं जमलं नाही किंवा तब्येत बिघडली, ते गावी परतले. गणपतीला ऐटीत आलेले दिसायचे ते टिकलेले चाकरमानी. आणि जानेवारी 1982च्या संपानंतर जुन्या, कायम झालेल्यांच्याही नोकऱ्या गेल्याच.

म्हणून बारावीच्या मुलाला ‘अमक्याने आखातात जाऊन बंगला बांधला’ असं सांगताना, त्याच्याबरोबर त्याच वर्षी आणखी कोण कोण गेलं होतं, तेही विचारा.

आठवी-नववीला हा प्रकल्प देता येईल. वाडीतून एकाच वर्षी बाहेर पडलेल्या सगळ्यांची यादी करायची, परतलेल्यांसकट. आजी-आजोबांना नावं पाठ असतात. फक्त कोणाचा पगार वर्गात मोठ्याने वाचू नका, नेपाळी मुलांच्या घरचा तर नकोच.